नानांच्या मोटरीचा मोकळा श्वास

नानांच्या मोटरीला श्वास घेता येत नाही, हे भाऊजींनी येऊन सांगेपर्यंत ती बिचारी बिनबोभाट चालत होती.

नाना म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत काढून ते उज्जैनला, फ्रीगंजात येऊन राहिले, आणि मागोमाग संस्थानही विलीन झालं. (आपण निवृत्त झाल्यामुळेच संस्थान कोलमडलं, असं नाना उघड म्हणत नसत. पण कुणी तसं म्हटलं तर खोडूनही काढत नसत.) मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि आसपासच्या जहागीरदारांच्या ध्यानात आलं, की गावं गेली, मोटरी मात्र राहिल्या! त्यांतल्या एका जहागीरदारांनी आपली जुनी विलायती मोटर नानांच्या हवाली केली. म्हणाले, "पोतनीस, हिला नीट सांभाळाल असे तुम्हीच."

नानांनी सांभाळली. अशी सांभाळली, की घरात ‘ती’ म्हणजे कोण, हे प्रत्येक वेळी संदर्भावरून ओळखावं लागे. "तिला पाणी पाजलं का?" म्हणजे मोटर. "ती सकाळपासून तापलीय" म्हणजे बहुधा आई.

ह्या मोटरीच्या इंजिनावर एक काळा, झाकणाचा डबा होता. डब्यात तेल असायचं. बाहेरची हवा आधी त्या डब्यात शिरायची, अंगावरची धूळ तेलात सोडायची आणि मग, माणसानं आंघोळ करून देवघरात जावं, तशी इंजिनात जायची. दर रविवारी नाना डबा उघडून तळाचा गाळ मला दाखवत. "बघ वसंता, हे सगळं हिच्या पोटात गेलं असतं." माळव्याची धूळ ती! काळी, मऊ, आणि एकदा घरात शिरली की पाहुण्यासारखी मुक्काम ठोकणारी. मी "हो नाना" म्हणून पुन्हा आरशासमोर जाई. तेव्हा माझी वकिली नवी होती आणि मिशी जुनी. अशील येत नसत, पण मिशीमुळे येतीलसं वाटे.

आता भाऊजी. भाऊजी म्हणजे ताईचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बांधकाम खात्यात ओव्हरसियर. मध्यभारताची राजधानी निम्मं वर्ष ग्वाल्हेरला आणि निम्मं वर्ष इंदूरला असायची, त्यामुळे सरकारी फायलींबरोबर भाऊजीही आगगाडीनं हिंडत, आणि उज्जैन आलं की उतरत. उंचेपुरे, हसरे, आणि आवाज असा की टावर चौकात बोलले तर आमच्या घरची कबुतरं उडायची!

मला भाऊजींचं भारी कौतुक. आजही आहे. जगात सुधारता येणार नाही अशी एखादी वस्तू असू शकते, हे त्या माणसाला मान्यच नव्हतं. आईच्या स्टोव्हला त्यांनी जादा वाऱ्याची सोय करून दिली, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराचं छत काळं आहे. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवशी चहा लवकर झाला होता!

एकदा ते मुंबईहून परत आले ते काखेत धोतरात गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊनच. लढाई संपल्यावर पलटणींचा उरलासुरला माल मुंबईत ढिगानं विकायला आला होता. त्या ढिगातून त्यांनी हे रत्न उपसलं होतं. गाठोडं सोडलं. आत चकचकीत पितळी जाळीचा, मोदकपात्राएवढा एक गोल होता.

"काय आहे हे?" नानांनी विचारलं.

"मोटरीचं नाक! तुमचा तो काळा डबा काढायचा, हे बसवायचं. मोटर दीडपट पळते, पेट्रोल कमी खाते. लढाऊ विमानाचं आहे, नाना!"

"मग विमान कुठंय?"

"विमान कशाला पाहिजे आपल्याला?"

"तसं नव्हे. विमान पडलं असणार. म्हणून तर हे उरलं."

भाऊजी हसले. अशा लहानसहान गोष्टींनी ते कधी खचत नसत. "असं बघा नाना, मी तुमच्या नाकाला ओला टॉवेल बांधला आणि म्हटलं, चढा आता मंगळनाथाच्या पायऱ्या. काय कराल?"

"चढणार नाही."

"बस्स! मोटरही हेच म्हणते!"

"जावईबापू, मोटर काही म्हणत नाही. तुम्हीच म्हणताय."

नानांनी ती जाळी उजेडाकडे धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. "वसंता, तुझ्या नाकावरचा तीळ दिसतो यातून. मग धूळ थांबेल कशी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वकील ना मी! मी भाऊजींचं वकीलपत्र घेतलं. हवा जास्त तर जळण चांगलं, जळण चांगलं तर ताकद जास्त, आणि देश आता स्वतंत्र झालेला असताना एका मोटरीला मोकळा श्वास घेऊ न देणं हा अन्याय आहे, असं मी ठणकावून सांगितलं. शेवटच्या मुद्द्यावर भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. नानांनी एक सुस्कारा सोडला आणि "चार दिवस लावून बघा" म्हणाले. काळा डबा पुसूनबिसून त्यांनी आपल्या कपाटात, कोटांच्या शेजारी ठेवून दिला.

जाळी बसली. भाऊजींनी हँडल मारला, आणि... काय सांगू! पूर्वी आमची मोटर कुरकुरत सुरू व्हायची. आता तिनं डरकाळी फोडली! शेजारच्या गवळ्याची म्हैस दावं तोडून थेट टावरपर्यंत गेली. घराघरांतून माणसं बाहेर आली.

"ऐक, वसंता, ऐक!" भाऊजी डोळे मिटून म्हणाले. "वाघ आहे वाघ!"

"वाघ लोक घरात ठेवत नाहीत," नाना म्हणाले आणि आत गेले.

आम्ही देवासच्या रस्त्याला चक्कर मारली. मी चालवत होतो, शेजारी भाऊजी, मागे माझी धाकटी बहीण मालू. वेग वाढला का? मला तर वाढलासं वाटलं. इतका आवाज होत असताना आपण हळू चाललो आहोत, असं कुणाला वाटेल? मध्येच एक टांगेवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला.

"त्याला हिशेबात धरू नकोस," भाऊजी ओरडले. "त्याचा घोडा आपल्या आवाजाला घाबरून पळतोय!"

घरी आल्यावर मी मालूला विचारलं, "काय, आहे की नाही फरक?"

मालू म्हणाली, "आहे ना, दादा. मोटर पूर्वीएवढीच पळते. फक्त आता सगळ्यांना सांगत पळते."

मालूचं हे असंच. बीए झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, आणि बोलायला लागली की आमच्या कोर्टातल्या भल्याभल्यांना घरी बसवील अशी. तिच्यासाठी स्थळं येत होती आणि ती परतवत होती. एक मुलगा जेवताना फार बोलला, एक अजिबात बोलला नाही. आई रडकुंडीला आलेली. अशात इंदूरहून माधवरावांचं स्थळ आलं. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. त्यांचं एक व्याख्यान मालूनं आधी कधी तरी ऐकलं होतं, आणि ह्या वेळी तिनं स्वतःहून साडीला इस्त्री केली! म्हणजे मामला गंभीर होता.

अडचण एकच होती, आत्याबाई. माधवरावांचे आईवडील लहानपणीच गेले आणि ह्या आत्याबाईंनी त्यांना वाढवलं. मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी आजवर नाकारलेल्या स्थळांच्या कथा आईनं जमवून ठेवल्या होत्या आणि रोज आम्हाला ऐकवत होती. एका घरी म्हणे खुर्ची हलत होती म्हणून त्या उठून आल्या. "जी माणसं खुर्ची नीट ठेवत नाहीत, ती आमच्या माधवला काय नीट ठेवणार?"

चैत्र होता. बुधवारी चिंतामण गणपतीला जत्रा असते, तेव्हा सकाळी पाहुणे येतील, पोहे होतील, मग मोटरीनं सगळे चिंतामणला दर्शन घेऊन येतील, असं ठरलं. नानांची कंबर धरली होती, म्हणून ते येणार नव्हते. पाटावर बसल्या बसल्या त्यांनी फर्मावलं, "जुना डबा बसवूनच मोटर बाहेर काढायची."

"बसवतो," मी म्हणालो.

"बसवूया," भाऊजी म्हणाले. (त्या आठवड्यात राजधानी इंदुरात होती, त्यामुळे भाऊजी हजर!)

मला वाटलं, भाऊजी बसवतील. भाऊजींना वाटलं, वसंता विसरेल. भाऊजींचा अंदाज बरोबर निघाला.

पाहुणे आले. माधवराव सडपातळ, चष्मेवाले, मऊ बोलणारे. आत्याबाई नऊवारीत, ताठ. बसण्याआधी त्यांनी खुर्चीवर हात ठेवून ती हलवून पाहिली. आमच्या खुर्च्या आईनं आदल्या दिवशी सुताराकडून ठोकून घेतल्या होत्या! पोहे खाल्ले. काही बोलल्या नाहीत. मालूला विचारलं, "वाचतेस काय?" मालूनं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. आई चहाचा ट्रे धरून खुर्चीच्या पायांकडे बघत होती.

मग आम्ही मोटरीत बसलो. मागे मालू, माधवराव आणि दोघांच्या मध्ये, अर्थातच, आत्याबाई. मोटरीनं डरकाळी फोडली.

"ही नेहमीच अशी ओरडते?" आत्याबाईंनी विचारलं.

"ओरडत नाही, श्वास घेते आहे!" भाऊजी अभिमानानं म्हणाले.

"दमा आहे का हिला?"

मागून मालूचा एक बारीकसा आवाज आला. ती हसू दाबत होती.

जाताना सगळं ठीक झालं. क्षिप्रा ओलांडली, रस्ताभर धुळीचे लोट, माधवरावांना शिंकांवर शिंका, पण पोचलो! गर्दीतून दर्शन झालं. आत्याबाईंनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. मीही जोडले. देवाकडे मी मालूचं लग्न मागितलं. मोटरीबद्दल काही मागायचं सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर आमच्या पुढे एक बैलगाडी होती. गव्हाची कापणी नुकतीच झालेली, त्यामुळे गाडीत भुसा भरलेला. भरलेला म्हणजे केवढा? चालता डोंगरच! वारा समोरून. भुशाचे ढग उठत होते आणि आमच्या मोटरीच्या मोकळ्या नाकात शिरत होते. गाडीवान बाजू द्यायला तयार होता, पण रस्त्याला बाजूच नव्हती. थोड्या वेळानं मोटर खोकली. मग घुसमटली. मग एक आचका देऊन थांबली.

मी उतरून बॉनेट उघडलं. भाऊजींच्या जाळीवर भुशाची चांगली गादी जमली होती, आणि वर जत्रेतल्या झेंडूच्या पाकळ्या. पूजा मांडावी तसं दिसत होतं.

"बघा!" भाऊजी विजयानं म्हणाले. "भुशाची एक काडी आत गेली नाही!"

"आणि हवा?" खाली उतरून आलेल्या मालूनं विचारलं.

भाऊजींनी जरा विचार केला. "हवाही गेली नाही," त्यांनी कबूल केलं. प्रामाणिक माणूस!

पुढचा गाडीवान भला होता. गाडी थांबवून मागे आला. "काई हुयो, बाबूजी?" त्याच्या गाडीची सावली पडली होती, तिच्यात जाऊन आत्याबाई उभ्या राहिल्या. त्यांनी छत्री उघडली आणि आमच्याकडे बघत राहिल्या. परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहावं, तशा.

"उपाय सोपा आहे," भाऊजी म्हणाले. "जाळीच काढू! आता तर आणखी मोकळा श्वास!"

जाळी काढली. खाली कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं. "वसंता, वाकून बघ, आत काडीबिडी गेलीय का. मी हँडल मारतो."

मी वाकलो. वाकून बघत असताना हँडल मारू नये, हे मला सुचलं नाही आणि भाऊजींना ते पटलं नसतं.

फाऽऽट्!

तोफेसारखा आवाज झाला. कार्बोरेटरमधून एक जीभभर ज्वाळा आली, माझ्या तोंडाला जेमतेम शिवली आणि परत गेली. मला काही लागलं नाही. फक्त केस जळल्याचा वास आला, आणि डाव्या बाजूची मिशी होती तिथं आता वारा लागत होता.

पण त्या आवाजानं बैल उधळले. गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली, आणि तो भुशाचा डोंगर सावकाश, अगदी आदबीनं, आत्याबाईंवर येऊन बसला. छत्रीसकट!

मग माधवरावांनी "आत्या!" म्हणून त्या ढिगात सूर मारला. मालूनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी भुसा उपसायला लागली. भाऊजी एका बैलाच्या शिंगाला लोंबकळत होते. आणि मी? मी अर्ध्या मिशीनं गाडीवानाशी भांडत होतो!

"बैल को पकड के रखना चाहिए था! गलती तुम्हारी है!"

"दादा!" मालू ओरडली. "खटला नंतर चालव! आधी खण!"

मी खणायला लागलो. आधी छत्री लागली. छत्रीखाली आत्याबाई लागल्या. छत्री उघडी असल्यानं आत चांगली हवा होती, आणि त्या होत्या तशाच ताठ उभ्या होत्या. अंबाड्यात भुसा, भुवयांवर भुसा, चष्मा जागच्या जागी. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्यावर नजर येऊन थांबली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"मघाशी इथं वकील होते," त्या म्हणाल्या. "हे कोण?"

मालूला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पाठ वळवली, पण ते काही आवरेना. ती भुशात मटकन बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. मला वाटलं, संपलं! खुर्ची हलली म्हणून उठून जाणारी बाई ही! आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यावरचा भुसा हलायला लागला. त्याही हसत होत्या!

तेवढ्यात बैलाला शांत करून भाऊजी आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आत्याबाई, चूक माझी. नानांनी जुना डबा बसवायला सांगितला होता. मी बसवला नाही. मोटरीचा दोष नाही, वसंताचाही नाही. सगळं माझं."

आत्याबाई हसायच्या थांबल्या. "काय म्हणालात?"

"चूक माझी म्हणालो."

"पुन्हा म्हणा. पुरुषाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकतेय."

भाऊजींनी मोठ्या मनानं पुन्हा म्हटलं. त्यांच्या त्या आवाजात! चिंतामण गणपतीलाही ऐकू गेलं असेल.

इकडे माधवराव आपला कोट पसरून त्यात भुसा भरत होते आणि गाडीवानाबरोबर गाडीत नेऊन टाकत होते. भरायचे, शिंकायचे, पुन्हा भरायचे. नाक लाल झालेलं.

"तुम्ही बसा ना," मालू म्हणाली. "शिंका येताहेत तुम्हाला."

"शिंका माझ्या आहेत," माधवराव म्हणाले, "भुसा मात्र त्या बिचाऱ्याचा आहे."

मालूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कोटाचं दुसरं टोक धरलं. त्या क्षणी मला कळलं, की आता आत्याबाई नाही म्हणाल्या तरी काही उपयोग नाही!

भाऊजी मोटरीपाशी राहिले. आम्ही बाकीचे त्याच बैलगाडीतून निघालो. आत्याबाई भुशाच्या शिखरावर, छत्री उघडून. रस्त्यावरची माणसं त्यांना नमस्कार करत होती. कुठल्या तरी मठाची स्वारी निघाल्यासारखं वाटत असावं. रपट्यावरून, म्हणजे पाण्याला टेकलेल्या बुटक्या पुलावरून, नदी ओलांडून रामघाटाला आलो तेव्हा मालू म्हणाली, "दादा, असा घरी येऊ नकोस. आईला घेरी येईल. उरलेली काढून टाक."

तिचं बरोबर होतं. घाटावर न्हावी बसलेलेच असतात. एकासमोर बसलो. त्यानं माझा पडलेला चेहरा, अंगावरची माती आणि जळकी मिशी पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "पिताजी?"

मला वाटलं, तो मला कुठं तरी पाहिल्यासारखं ओळखतोय आणि वडिलांचं नाव विचारतोय. "पोतनीस साहब," मी म्हणालो. "फ्रीगंज."

"अरे राम! पोतनीस साहब! कैसे हुआ?"

आता तो मिशीबद्दल विचारतोय, असं मी धरून चाललो. "मोटर से. एकदम धडाका हुआ, आग निकली, और वहीं के वहीं..." मी हातानं उडाल्याची खूण केली.

त्याचा वस्तरा हवेतच थांबला. डोळे भरून आले. "बहुत भले आदमी थे."

"हाँ, हैं ही भले," मी म्हणालो. वडिलांची स्तुती ऐकून कुणाला बरं वाटणार नाही?

"सिर भी?"

"नहीं, सिर्फ मूँछ."

"आजकल के लड़के!" तो पुटपुटला. शेजारच्या छत्रीखालचे पंडे कान देऊन ऐकत होते, आणि त्यांतला एक उठून सायकलवर बसला, हे मी पाहिलं. पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल, असं कुणाला वाटणार? आपल्याकडे मिशी कशासाठी काढतात, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. पण त्या दिवशी मला फक्त मोटर आठवत होती.

टांगा करून आम्ही फ्रीगंजात पोचलो. दारात ही गर्दी! चपलांचा ढीग. कुणी उपरण्यानं डोळे पुसतंय. आणि ओट्यावर, कंबरेला गरम पाण्याची पिशवी धरून, खुद्द नाना बसलेले! येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "अरेरे, कोण गेलं?" आणि येणारा प्रत्येक जण त्यांना पाहून जागच्या जागी थिजत होता. शेवटी समोरचे म्हातारे पेन्शनर धीर करून म्हणाले, "नाना, रागावू नका, पण तुम्हीच!"

तेवढ्यात मी टांग्यातून उतरलो. सगळ्यांनी माझ्या गुळगुळीत ओठाकडे पाहिलं आणि एकच हुंदका फुटला.

"वसंता," नाना शांतपणे म्हणाले, "मी गेलो का?"

"नाही, नाना."

"मग मिशी कुठंय?"

"ती मोटरीनं..."

"डबा बसवला होतास?"

मी खाली पाहिलं.

"मग मंडळी, तुमचं अगदीच चुकलं नाही," नाना गर्दीकडे वळून म्हणाले. "ह्यानं मला मारलंच आहे."

आई दारात उभी. तिनं माझा उघडा ओठ पाहिला, भुशानं भरलेल्या आत्याबाई पाहिल्या, आणि हे स्थळही गेलं असं समजून तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले. आत्याबाई टांग्यातून उतरल्या. अंबाड्यातली एक काडी काढून फेकली. सगळी गर्दी बाजूला झाली.

"पोतनीस," त्या नानांना म्हणाल्या, "एवढी माणसं जमलीच आहेत, तर सांगून टाकते. मुलगी आम्हाला पसंत आहे. संकटात आधी हात चालवते आणि मग हसते. माझ्या शाळेत मी हेच शिकवायला बघत होते, जमलं नाही."

"अहो, मला विचारा की!" मालू मागून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. माधवराव शिंकले.

"मला चालेल," मालू म्हणाली. "पण वरातीला टांगा!"

समाचाराला आलेली माणसं पेढे खाऊन परत गेली. असं उज्जैनमध्ये तरी मी पुन्हा पाहिलं नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या जाळीचा फायदा झाला की नाही? मोटरीपुरतं बोलायचं तर, झाला नाही. आत गेलेल्या धुळीनं इंजिन इतकं घासून काढलं, की पुढं महिनाभर ती मिस्त्रीकडे उघडी पडून होती, आणि परत आली ती निळा धूर सोडत. नानांनी कपाटातून काळा डबा काढला, स्वतःच्या हातानं बसवला, आणि मोटर पुन्हा कुरकुरत, पण मानानं चालू लागली. जाळी आईनं उचलली आणि दुधाच्या पातेल्यावर झाकली. "हवा जाते, मांजर जात नाही," ती म्हणाली. हे भाऊजींना कळवलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. "बघ, मी म्हणत नव्हतो? वस्तू उत्तमच आहे!" असा माणूस लाखात एक. आपली हार झाली हे त्याला कुणी पटवूच शकत नाही, आणि पटवायला जाणारा शेवटी त्याच्याबरोबर हसायला लागतो.

राहता राहिलो मी. दुसऱ्या दिवशी कोर्टात माझा एक दावा होता. मी उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी उठून माझा हात हातात घेतला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि हळुवारपणे म्हणाले, "पोतनीसजी, आज आने की जरूरत नहीं थी."

मी म्हटलं, गैरसमज झालाय. वडील खुशाल आहेत. मग मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पितळी जाळी, लढाऊ विमान, मोटरीचा मोकळा श्वास, भुशाचा डोंगर, त्याच्याखाली छत्री उघडून उभ्या असलेल्या आत्याबाई, शिंकणारे माधवराव, सगळं! अख्खं कोर्ट स्तब्ध बसून ऐकत होतं. मधे कुणी हरकत घेतली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. माझं संपलं तेव्हा जज्जसाहेबांनी शिपायाला जवळ बोलावलं.

"वकील साहब को सँभालकर घर छोड़ आओ," ते म्हणाले. "बेचारे को गहरा सदमा लगा है."

माझ्या उभ्या वकिलीत माझं म्हणणं कोर्टानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ते त्या एकाच दिवशी. आणि त्या दिवशीही त्यांना ते पटलं नाही!